चालू स्थानकातलं बांधकाम : नव्या सेफ्टी सुपरवायझरने काय, कुठे आणि कधी बघायचं

इमारतीच्या साइटवर गेट लावलं की आतली जागा आपली असते. रेल्वे स्थानकात ते गेटच नसतं. एका बाजूने गाडी धडधडत जाते, डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार असते आणि पत्र्याच्या पलीकडून कडेवर लेकरू घेतलेली बाई तुमच्या खड्ड्याकडे बघत चालत असते. जालना, परभणी, हिंगोली, परळी वैजनाथ, नांदेड ही सगळी स्थानकं रेल्वेच्या स्थानक सुधारण्याच्या अमृत भारत स्टेशन योजनेत आहेत. सेफ्टीचा डिप्लोमा करून थेट अशा कामावर आलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. हेल्मेट-बूट मोजणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. खरं काम आहे रेषा आखण्याचं, आणि कोणी ती ओलांडली की काम थांबवण्याचं.

१. पहिले दोन दिवस : माणसं आणि कागद

आधी आपलं स्थानक कोणाकडे आहे ते नीट समजून घ्या. जालना, परभणी, नांदेड ही दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतात. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. ब्लॉक (म्हणजे ठरावीक वेळ लाइनवर गाड्या बंद ठेवण्याची परवानगी) कोण देणार, गाड्या चालवणाऱ्या कंट्रोल रूमचा नंबर कोणता, केबलचा नकाशा कोणाकडे मागायचा, हे सगळं त्यावर ठरतं.

या माणसांना पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन भेटा आणि त्यांचे नंबर घ्या:

- कामाचे इंजिनियर, म्हणजे वर्क्सचे सीनियर सेक्शन इंजिनियर. जुने लोक त्यांना अजून आयओडब्ल्यूच म्हणतात.
- रूळ सांभाळणारे पी-वेचे सीनियर सेक्शन इंजिनियर.
- टीआरडी, म्हणजे डोक्यावरच्या तारेचे लोक.
- सिग्नल आणि टेलिकॉमचे लोक.
- स्टेशन मास्तर. पाळ्या बदलतात, म्हणून तिन्ही पाळ्यांच्या मास्तरांना तुमचा चेहरा ओळखीचा झाला पाहिजे.
- आरपीएफ चौकी.

फाइलमध्ये हे कागद हवेत: कामाचा आदेश, मंजूर सुरक्षा आराखडा, प्रत्येक मोठ्या कामाची पद्धत लिहिलेला कागद (मेथड स्टेटमेंट), धोक्यांची यादी, कामगारांची नोंदणी आणि विमा, रेल्वे हद्दीत येण्याचे पास, क्रेन आणि हायड्रा (वजन लटकवून चालणारी लहान क्रेन) यांचे तपासणी दाखले, ऑपरेटरचे परवाने, आणि रुळाजवळ काम करणाऱ्या सुपरवायझरचं व ऑपरेटरचं रेल्वेने दिलेलं सक्षमता प्रमाणपत्र. बहुतेक घोळ या शेवटच्या कागदावरून होतो. गुत्तेदार ऑपरेटर बदलतो आणि प्रमाणपत्र मात्र जुन्याच्या नावावर राहतं. रोज सकाळी ऑपरेटरचा चेहरा आणि कागदावरचं नाव जुळवून बघा.

कायद्याचं एक कलम लक्षात असू द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत २५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्याआधीच्या केंद्रीय नियमांत हा आकडा ५०० होता. “आपल्याकडे तेवढे लोकच नाहीत” असं कोणी म्हणालं तर निविदेच्या अटी उघडून दाखवा. संख्या कमी असली तरी बहुतेक वेळा तिथे सुरक्षेचा माणूस मागितलेला असतो.

तुमच्या पिशवीत रोज हे असावं: कापडी किंवा फायबरचा ३० मीटरचा टेप, शिट्टी, लाल आणि हिरवी झेंडी, टॉर्च, चुन्याची पुडी किंवा पिवळा रंग, ओळंबा, वही आणि चार्ज केलेला फोन. स्टीलचा टेप आणू नका. तो दोन्ही रुळांवर आडवा पडला तर रुळावर गाडी आहे का हे ओळखणारं ट्रॅक सर्किट शॉर्ट होतं आणि रूळ मोकळा असूनही सिग्नल लाल पडतो. शिवाय वाऱ्याने उडून तारेकडे गेला तर टेप धरणारा जागीच जातो.

२. रेषा आखा : साडेतीन मीटर आणि सहा मीटर

रेल्वेच्या कामाच्या अटींमध्ये दोन अंतरं असतात. रुळाच्या मध्यरेषेपासून ६ मीटरच्या बाहेर तुमची वाहनं आणि मशीन नेहमीच्या परवानगीने चालतात. ६ ते ३.५ मीटरच्या पट्ट्यात रेल्वेचा अधिकृत माणूस हजर असल्याशिवाय मशीन हलवायचं नाही. ३.५ मीटरच्या आत ब्लॉकशिवाय काहीच नाही. मशीनचा कुठलाही भाग, जेसीबीची मागे फिरणारी बकेटसुद्धा, त्या रेषेच्या आत येता कामा नये.

अडचण अशी की मध्यरेषा जमिनीवर दिसत नाही. म्हणून मोजायची सोपी रीत धरा. ब्रॉडगेजच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर १६७६ मिमी असतं, म्हणजे मध्य ८३८ मिमीवर. जवळच्या रुळाच्या आतल्या कडेला टेप लावा: २.६६ मीटरवर साडेतीनची रेषा येते आणि ५.१६ मीटरवर सहाची. फलाटावर काम असेल तर कडेचा दगड मध्यरेषेपासून साधारण १.६७ मीटरवर असतो, म्हणून फलाटाच्या कडेपासून १.८३ मीटर आणि ४.३३ मीटर धरा. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मग चुना टाका, खुंट्या ठोका, चमकणारी पट्टी बांधा. साडेतीनच्या रेषेवर नुसती पट्टी पुरत नाही, पत्र्याचं किंवा पाइपचं पक्कं कुंपण लागतं. पट्टी दोन दिवसांत तुटते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी पिठाची पिशवी बांधायला घेऊन गेलेलं असतं.

रुळाजवळच्या प्रत्येक टोळीला एक लुकआउट माणूस हवा. त्याच्या हातात फावडं नको आणि फोनही नको. त्याने फक्त गाडी बघायची आणि शिट्टी मारायची. ताशी १०० किमीने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. टोळीला अवजारं उचलून बाजूला व्हायला १० सेकंद लागतात असं धरा, वर १५ सेकंद राखीव ठेवा. म्हणजे २५ सेकंद, ७०० मीटर. लुकआउटला ७०० मीटर लांबची गाडी दिसत नसेल, वळण असेल, पूल आडवा येत असेल, उभी मालगाडी असेल, तर दुसरा लुकआउट पुढे उभा करा. एकाची शिट्टी दुसऱ्याने उचलायची.

जेवणाच्या सुट्टीत रुळावर, गिट्टीवर किंवा उभ्या डब्याच्या सावलीत कोणी टेकलं तर लगेच उठवा. ८ मे २०२० ला पहाटे जालना-छत्रपती संभाजीनगर मार्गावर करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते थकून गावाकडे पायी निघाले होते. तुमचा कामगारही उन्हात दहा तास राबून तितकाच थकलेला असतो. त्याला बसायला सावली द्या, म्हणजे तो रुळाकडे जाणार नाही.

लाल आणि हिरव्या रंगाचंही बघा. रुळाजवळ लाल कापड हललं की लोको पायलटला तो थांबण्याचा इशारा वाटतो. लाल उपरणं, लाल साडीचा पदर, लाल प्लास्टिकची झालर कुंपणाला नको. अंगावर पिवळं किंवा नारिंगी जॅकेट घालायला द्या.

३. डोक्यावरची तार

मनमाड-जालना-परभणी-नांदेड मार्गावर विजेची तार अलीकडेच आली. वर्षानुवर्षं डिझेल इंजिनांच्या काळात काम केलेले मुकादम अजून वर बघत नाहीत. शिडी उभी धरून चालणं, सळई खांद्यावर उभी नेणं, पत्र्यावर चढून हात उंचावणं या सवयी अजून गेलेल्या नाहीत. माझ्या मते आपल्याकडच्या स्थानकांवर आज सगळ्यात मोठा धोका हाच आहे.

तार २५,००० व्होल्टची असते आणि रुळापासून साधारण साडेपाच मीटर उंच. हात लावायची गरज नाही. जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. जिवंत तारेपासून २ मीटरच्या आत माणूस, अवजार, सळई, पाण्याचा फवारा, काहीही जाऊ द्यायचं नाही. त्याच्या आत काम असेल तर पॉवर ब्लॉक, म्हणजे तारेची वीज बंद, आणि लेखी परमिट हवंच. “फोनवर झालं बोलणं” ही परवानगी नव्हे.

पॉवर ब्लॉक मिळाला तरी काम लगेच सुरू करू नका. शेजारच्या लाइनची तार चालू असेल तर बंद तारेतही वीज उतरते. म्हणून टीआरडीचे लोक कामाच्या दोन्ही बाजूंना ती वीज जमिनीत सोडणारे अर्थिंग रॉड लावतात. दोन्ही रॉड लागलेले स्वतः डोळ्यांनी बघा, परमिटवर सही घ्या, आणि मगच माणूस वर पाठवा. रॉडला तुमच्या माणसाने हात लावायचा नाही.

काम साधं असेल तेव्हा हे नियम पाळा: शिडी लाकडी किंवा फायबरची, नेताना आडवी, दोन माणसांनी धरून. सळया आडव्या, दोन्ही टोकांना एकेक माणूस. टिप्परचा हौदा तारेखाली उचलायचा नाही. पुष्कळ ठिकाणी अपघात इथेच होतो, कारण गिट्टी टाकून झाली तरी ड्रायव्हर हौदा वर ठेवूनच पुढे निघतो. तारेखालून वाहनाची वाट असेल तर अलीकडे-पलीकडे उंचीची कमान उभारा.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर अवकाळी वाऱ्याची वावटळ उठते. सुटे पत्रे, ताडपत्री, उद्घाटनाचे फ्लेक्स, हिरवी जाळी यांतलं एखादं उडून तारेवर अडकलं की संपूर्ण मार्ग बंद पडतो, आणि ते काढायला धावणारा माणूस मरतो. आभाळ काळवंडलं की पंधरा मिनिटं काम थांबवून सगळं बांधून घ्या. तारेवर काही अडकलं तर कोणी हात लावायचा नाही, बांबूनेसुद्धा नाही. स्टेशन मास्तरांना सांगा आणि लोकांना लांब ठेवा.

४. ब्लॉक : घेतला कसा आणि सोडला कसा

साडेतीन मीटरच्या आत काम म्हणजे ट्रॅफिक ब्लॉक. ब्लॉकची मागणी आधी जाते आणि वेळ मात्र त्या दिवशी कंट्रोल देतं. दीड तास मागितला आणि पन्नास मिनिटं मिळाली, हे नेहमीचं आहे. त्यामुळे सुरुवातीलाच ठरवा: पन्नास मिनिटांत काम सुरक्षित टप्प्यावर येत नसेल तर आज सुरूच करायचं नाही. अर्धवट टांगलेला गर्डर किंवा अर्ध्या उघडलेल्या फलाटाच्या कडेवरून गाडी सोडता येत नाही.

ब्लॉकमध्ये लाइनचं रक्षण रेल्वेचे लोक करतात: ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग (लाइनवर आडवं ताणलेलं लाल कापड), आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने रुळावर तीन पटाखे, गाडीच्या चाकाखाली फुटून इशारा देणारे. ते लागले का, हे तुम्ही विचारून घ्या. लेखी ब्लॉक हातात आल्याशिवाय एकही माणूस रेषेच्या आत जाऊ नये.

नवा सुपरवायझर चुकतो तो बहुतेक वेळा ब्लॉक सोडताना. ब्लॉक संपायच्या पंधरा मिनिटं आधी शिट्टी मारा. माणसं मोजा, आत किती गेले ते वहीत असलं पाहिजे. मग अवजारं मोजा. पहारी, जॅक, हातोडे, सळईचे तुकडे, शटरिंगची फळी, तारेचं भेंडोळं, सगळं. रुळाशेजारी चालत जाऊन दोन्ही रूळ आणि मधली जागा टॉर्चने बघा. पाण्याचा रिकामा ड्रम वाऱ्याने घरंगळून आत येऊ शकतो, तोही लांब हलवा. मगच रेल्वेच्या सुपरवायझरला सांगा की आमचं सगळं बाहेर आहे. ही नोंद वेळेसकट लिहून ठेवा.

५. खड्डा : काळ्या मातीचं वागणं

मराठवाड्यात वरची दीड-दोन मीटर काळी कपाशीची माती, खाली मुरूम, त्याखाली खडक, हे साधारण दिसतं. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि बोटभर भेगा पडतात. पहिल्या पावसाने पाणी त्या भेगांत शिरतं आणि भिंत आतून ढकलली जाते. काल कोरडी, सरळ उभी असलेली चराची बाजू आज सकाळी वीटभर पुढे झुकलेली दिसते. खड्ड्याच्या काठाला समांतर भेग दिसली, अगदी पेन्सिलची रेघ वाटली तरी, तेवढी माती कधीही बसणार आहे असं समजा आणि आतली माणसं लगेच बाहेर काढा.

नियम साधे आहेत. १.५ मीटरपेक्षा खोल चराला बाजू उतरत्या कापा किंवा फळ्या-बल्ल्या लावून आधार द्या. काढलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांतलं जे जास्त असेल तेवढी लांब टाका. १.२ मीटरपासून पुढे शिडी हवी, आणि ती काठाच्या वर ९० सेमी यावी. रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर माणूस आत जायच्या आधी तुम्ही खड्डा बघा. काठावरच्या मातीवर बूट दाबून बघा. आवाज पोकळ आला तर काठ खालून सुटलेला असतो.

रुळाजवळचा पाया खणताना आधार नुसता माणसांसाठी नसतो, रुळासाठीही असतो. गाडीचं वजन गिट्टीतून आजूबाजूच्या मातीवर येतं. मंजूर नकाशा, आधाराची रचना आणि पी-वेच्या इंजिनियरची सही याशिवाय तिथे कुदळ मारायची नाही. गाड्यांना वेगमर्यादा घालायची की नाही हे तेच ठरवतात. दोन गाड्यांनंतर गिट्टी खाली सरकलेली दिसली तर लगेच त्यांना फोन करा.

आणि केबल. सिग्नलच्या आणि फायबरच्या केबल साधारण मीटरभर खोलीवर असतात, पण जुन्या स्थानकात नकाशा आणि जमीन यांचा मेळ बसेलच असं नाही. रेल्वेची २४ जून २०१३ ची संयुक्त कार्यपद्धती आहे: खणण्याआधी सिग्नल-टेलिकॉमला लेखी कळवायचं, त्यांच्या माणसाने जागेवर येऊन केबल दाखवायची. त्यानंतर दर काही मीटरवर हाताने लहान खड्डे घेऊन केबल उघडी करा, आणि मगच मशीन लावा. लाल वीट किंवा पिवळी पट्टी लागली की मशीन बंद. सिग्नलची केबल तुटली तर गाड्या थांबतात एवढंच नाही. तुटलेलं लपवून कोणी टेप गुंडाळला तर तो पुढच्या प्रवाशांचा धोका होतो. कामगारांना सांगा की कळवलं तर कोणाची नोकरी जाणार नाही, आणि तो शब्द पाळा.

६. सेंट्रिंग आणि परांची

११ जानेवारी २०२५ ला उत्तर प्रदेशातल्या कनौज स्थानकावर नव्या इमारतीचा स्लॅब भरताना सेंट्रिंग कोसळलं आणि कामगार ढिगाऱ्याखाली अडकले. सेंट्रिंग पडण्याची कारणं बहुतेक त्याच त्या जागी असतात: पायाखाली, आडव्या आधारांत, आणि काँक्रीट टाकायच्या क्रमात.

वजन समजून घ्या. ओलं काँक्रीट घनमीटरला साधारण २५०० किलो. १५ सेमी जाडीच्या स्लॅबला प्रति चौरस मीटर ३७५ किलो. १० मीटर बाय १० मीटरचा भाग म्हणजे साडेसदतीस टन, वर माणसं आणि पंपाचा पाइप वेगळा. हे सगळं प्रॉप्सवर, म्हणजे खालच्या लोखंडी टेकूंवर उभं असतं. म्हणून भरण्याच्या आदल्या संध्याकाळी खाली वाकून एकेक प्रॉप बघा:

- प्रॉपखाली लोखंडी प्लेट आणि तिच्याखाली जाड फळी आहे का. भराव किंवा ओली काळी माती असेल तर फळी रुंद लावा. विटांची चळत नको.
- प्रॉप ओळंब्यात आहे का. चार मीटरपेक्षा उंच असेल तर मध्ये दोन्ही दिशांनी आडवे आधार आहेत का.
- पिन मूळची आहे की सळईचा तुकडा घातलाय. सळईचा तुकडा दिसला की तो प्रॉप काढायला लावा.
- आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सगळं पुन्हा बघा.

काँक्रीट एका जागी ढीग करून टाकू देऊ नका. ते पसरत पसरत पुढे जायला हवं. भरताना खाली कोणी थांबायचं नाही. फक्त एक अनुभवी सुतार बाहेरून, कडेवरून प्रॉप्सवर नजर ठेवेल, आणि त्याने हात वर केला की पंप बंद.

सेंट्रिंग काढायची घाई गुत्तेदाराला असतेच, कारण त्याचं साहित्य अडकलेलं असतं. काँक्रीटच्या भारतीय मानकातले (आयएस ४५६) किमान दिवस साध्या सिमेंटसाठी असे: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्याहून मोठ्याचे २१. फ्लाय ॲशचं सिमेंट असेल तर इंजिनियरला विचारून आणखी थांबा. तारीख प्रॉपवरच खडूने लिहा, सगळ्यांना दिसते.

परांचीबाबत थोडक्यात: २ मीटरच्या वर फुल बॉडी हार्नेस, दोन हुकांचा, आणि हुक अडकवायला पक्की जागा. चालायच्या जागेला एक मीटर उंच कठडा, मधला दांडा आणि खाली १५ सेमीची पट्टी. फलाटावर ही पट्टी कामगारापेक्षा प्रवाशासाठी जास्त मोलाची. वरून घसरलेला पाना खाली कोणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही.

७. जुनं पाडताना

निजामाच्या काळातल्या स्थानकांत चुन्याच्या दगडी भिंती, लोखंडी तुळया आणि फलाटावर जुने सिमेंटचे पत्रे असतात. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्यावर पाय ठेवला तर पत्रा फुटून माणूस खाली जातो. कापला-फोडला तर धूळ फुप्फुसात जाते. ओला करून अखंड उतरवा, मास्क लावा, गुंडाळून वेगळा ठेवा. पाडकाम नेहमी वरून खाली. मोठ्या भिंतीखाली जेसीबीने पोखरून ती एकदम पाडायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका.

जुना पादचारी पूल सुरू ठेवून शेजारी काम करत असाल तर त्याचीही काळजी घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाह स्थानकात २७ नोव्हेंबर २०२२ ला पादचारी पुलाचा स्लॅब कोसळला, एकाचा जीव गेला आणि अनेक जखमी झाले. तुमच्या कामामुळे एक जिना बंद झाला की सगळी गर्दी दुसऱ्या जिन्यावर येते. त्याची ताकद किती हे रेल्वेच्या इंजिनियरकडून लेखी घ्या.

८. हायड्रा आणि क्रेन

वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीने तपासल्याचा दाखला, ऑपरेटरचा परवाना, स्लिंग आणि शॅकलवर लिहिलेली क्षमता: हे तीन पाहिल्याशिवाय वजन उचलायचं नाही. हायड्राने वजन लटकवून रस्त्यावरून फिरायचं असेल तर वजन जमिनीलगत, दोरीने धरलेलं, आणि पुढे एक शिट्टीवाला. मोठ्या क्रेनच्या आउटरिगरखाली, म्हणजे बाजूला पसरणाऱ्या पायांखाली, काळ्या मातीत लाकडी स्लीपर किंवा स्टीलच्या प्लेटा घाला. पावसाळ्यात एक पाय दोन बोटं खचला तरी बूमचं टोक हातभर सरकतं. आणि बूम रुळाकडे फिरू शकत असेल तर ब्लॉक घ्याच, वजन उचलायचं नसलं तरी.

९. प्रवासी

कामगाराला तुम्ही प्रशिक्षण देता, प्रवाशाला कोणी देत नाही. म्हणून कुंपण असं हवं की चुकूनही आत जाता येऊ नये: दोन मीटरचे पत्रे, खालून जागा नाही, बाहेर आलेली सळई नाही, कोपऱ्यात अंधार नाही. उघड्या सळईच्या टोकांना टोप्या घाला. फलाटावर लोकांना चालायची जागा किती उरते ते गाडी आलेली असताना बघा, रिकाम्या फलाटावर बघून काही कळत नाही. तपोवन किंवा देवगिरी थांबली की डब्यांच्या दारांसमोर किती माणसं उतरतात हे दोन दिवस पाहिलं की कुंपण कुठे मागे सरकवायचं ते समजतं.

आषाढीच्या विशेष गाड्या, परळीची महाशिवरात्र, नांदेडचा होला मोहल्ला, दिवाळीची सुट्टी, हे दिवस आधीच कॅलेंडरवर लाल करा. त्या दिवसांत फलाटाकडचं जोखमीचं काम बंद ठेवा, खड्डे झाका आणि जास्त दिवे लावा. पाटीवर मराठी आणि हिंदी दोन्ही लिहा, बाण मोठा काढा. बंद केलेल्या वाटेवर पर्यायी वाट दाखवली नाही तर लोक रुळावरून जातात. त्यात चूक आपली असते.

१०. ऊन, रात्र आणि बोली

मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात सळई हातात धरवत नाही. काम सकाळी सहाला सुरू करा, बारा ते चार जड कामं बंद ठेवा, दर टोळीजवळ माठ आणि ओआरएस ठेवा. कामगार असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं आणि घाम थांबला तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रात्री फ्लडलाइट लोको पायलटच्या डोळ्यांवर येणार नाही असे खाली वळवून लावा. दिवे लाल किंवा हिरवे नकोत. वेल्डिंग आणि कटरच्या वायरींना गळती झाली की वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी हवं आणि जोड उघडा नको.

सकाळचं दहा मिनिटांचं बोलणं कामगारांच्या भाषेत करा. एका टोळीत बिहारी, बंगाली, तेलुगू आणि आपले बंजारा गडी एकत्र असतात. भाषण करू नका. आजचं काम कुठे, रेषा कुठे, लुकआउट कोण, पळायचं कुठे, एवढंच सांगा. मग सगळ्यात नव्या गड्याला म्हणा, “दादा, शिट्टी वाजली तर कुठं जाशील, दाखव बरं.” तो बोट दाखवून चालत गेला तर कळलंय. नुसती मान हलवली तर पुन्हा समजावा. नोंदवहीवर अंगठे घेणं हे त्यानंतरचं काम.

११. काही घडलं तर

क्रम ठरलेला असावा. रुळावर काही पडलं असेल किंवा रूळ खचला असेल तर आधी गाडी थांबवा: लुकआउट लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेने धावेल, झेंडी नसेल तर दोन्ही हात वर करून, रात्री दिवा जोरात हलवत. त्याच क्षणी दुसरा माणूस स्टेशन मास्तरांना फोन लावेल. जखमी माणूस रुळावर असला तरी गाडी थांबल्याची खात्री होईपर्यंत त्याच्याकडे धावू नका. तारेचा झटका बसलेल्याला तार बंद झाल्याचं टीआरडीकडून कळेपर्यंत स्पर्श करायचा नाही.

१०८ रुग्णवाहिकेला, ११२ पोलिसांना, १३९ रेल्वे हेल्पलाइन. हे आकडे आणि जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट साइट ऑफिसच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा. रुग्णवाहिका साइटच्या कोणत्या गेटपर्यंत येते ते एकदा गाडी नेऊन बघा. पत्रे ठोकल्यावर ती वाट बहुतेक वेळा बंद झालेली असते.

जागा जशी आहे तशी ठेवा, फोटो काढा, वेळ लिहा. थोडक्यात वाचलेले प्रसंगही त्याच वहीत लिहा: पडलेला पाना, घसरलेली शिडी, शिट्टी उशिरा वाजली. दर शनिवारी ही पानं मुकादमासोबत बसून वाचा आणि एकाच जागेचं नाव दोनदा आलं की सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी तिथे स्वतः जाऊन उभे राहा.